जुनी होंडा सिटी व्हीटेक आज घ्यावी का? इंजिनाआधी पत्रा बघा

विकणारा बॉनेट उघडतो, गाडी न्यूट्रलला ठेवून ॲक्सिलरेटरची केबल हातानेच ओढतो आणि इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा सहा हजारांवर नेऊन म्हणतो, "ऐका, हाच तो व्हीटेक!" आवाज छान येतो, यात वाद नाही. पण तो व्हीटेक नसतो. व्हीटेक म्हणजे वरच्या फेऱ्यांत इंजिनाचे व्हॉल्व्ह जास्त उघडणारी होंडाची यंत्रणा. या गाडीचा कॉम्प्युटर व्हीटेकचा सोलेनॉइड (विजेवर चालणारी ऑइलची झडप) उघडतो तो गाडी पळत असताना, कूलंट ६० अंशांच्या वर तापलेलं असताना आणि इंजिनावर लोड असताना. उभ्या गाडीला कितीही रेस द्या, कॅमचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या फिरत्या दांड्याचा) मोठा लोब, म्हणजे उंचवटा, कामाला लागतच नाही. त्यामुळे अंगणातल्या या प्रात्यक्षिकावरून फार तर सायलेन्सर फुटका आहे की नाही एवढं कळतं.

गाडी कोणती ते आधी स्पष्ट करू. होंडाने भारतात १९९८ साली पहिली सिटी आणली. सुरुवातीला १.३ आणि १.५ लिटरची साधी इंजिनं होती, आणि २००० साली चेहरामोहरा बदलून आलेल्या गाडीत १.५ लिटरचं, वर एकच कॅम असलेलं (ओएचसी) व्हीटेक मिळू लागलं. शौकीन लोक या बदललेल्या बॉडीला 'टाइप टू' म्हणतात. ही गाडी २००३ पर्यंतच होती. त्यानंतर जी नवी सिटी आली तिचं आयडीएसआय (सिलिंडरमागे दोन स्पार्क प्लगचं) इंजिन ७७ अश्वशक्तीचं होतं; मायलेज सुधारलं, जागा वाढली, आणि १०६ अश्वशक्तीच्या गाडीतून उतरून या गाडीत बसलेल्यांची तोंडं पडली. नंतर त्या पिढीतही व्हीटेक आलं. ते वेगळं प्रकरण.

या परीक्षणात जी गाडी आहे ती २००० ते २००३ मधली, पाच गिअरची, १४९३ सीसीची. आज तिचं वय बावीस-पंचवीस वर्षं आहे. पेट्रोलवर पळणाऱ्या, हाताने दुरुस्त होणाऱ्या जोरकस गाड्यांचं पुढे काय होणार हा प्रश्न हल्ली सगळेच विचारतात. त्याचं निम्मं उत्तर या एका गाडीच्या बॉनेटखाली सापडतं.

इंजिनात नेमकं आहे काय

आकडा १०६ अश्वशक्तीचा. आज हा आकडा एखादी छोटी टर्बो हॅचबॅकही देते. पण ही गाडी वजनाला टनाच्या आसपास आहे, आणि ती ताकद कुठे येते हे महत्त्वाचं. सिलिंडरचा व्यास ७५ मिमी आणि स्ट्रोक ८४.५ मिमी. म्हणजे हे मुळात लांब स्ट्रोकचं, शहरात खाली दमदार चालावं अशा जातीचं इंजिन. त्याला वरच्या फेऱ्यांत श्वास मिळावा म्हणून व्हीटेक बसवलंय.

एका सिलिंडरच्या दोन इनटेक व्हॉल्व्हसाठी कॅमवर तीन लोब असतात. बाहेरचे दोन बेताचे, मधला उंच. लोब आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये रॉकर, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारा तुकडा, असतो. खालच्या फेऱ्यांत मधला रॉकर नुसता वरखाली होत राहतो, त्याला स्वतःचा व्हॉल्व्ह नसतो. सोलेनॉइड उघडला की ऑइलचा दाब रॉकरच्या आतल्या पिना सरकवतो, तिन्ही रॉकर एकमेकांत अडकतात आणि दोन्ही व्हॉल्व्ह मधल्या उंच लोबच्या तालावर उघडतात. एक्झॉस्टच्या बाजूला हा प्रकार नाही, कारण एकाच कॅमच्या या हेडमध्ये स्पार्क प्लगच्या नळ्या नेमक्या तिथूनच खाली उतरतात.

म्हणजे व्हीटेक हे सगळं ऑइलच्या भरवशावर. डिपस्टिकवर ऑइल खालच्या खुणेच्या खाली गेलेलं असेल, किंवा सोलेनॉइडखालची बारीक जाळी काळ्या गाळाने बुजली असेल, तर व्हीटेक लागत नाही आणि गाडी निमूटपणे साध्या गाडीसारखी चालत राहते. कित्येक मालकांना ते कळतही नाही. त्यांना वाटतं, जुनी झाली, दम गेला.

चालवून बघताना

इंजिन पूर्ण तापू द्या. तापमानाचा काटा मध्यावर स्थिरावल्यावरही पाच-सात किलोमीटर आरामात चालवा, कारण कूलंट तापतं त्याच्या बरंच नंतर ऑइल तापतं. मग मोकळा चढ शोधा. पुण्याहून निघणार असाल तर खंबाटकीचा चढ यासाठी उत्तम: रस्ता एकमार्गी, समोरून गाडी येण्याची भीती नाही. पुढे-मागे ट्रक नाही हे बघून दुसऱ्या गिअरमध्ये अडीच हजारांवरून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा आणि दाबूनच ठेवा.

साडेतीन हजारांपर्यंत गाडी सरळमार्गी वाटते. चार हजारांनंतर ओढ थोडी सपाट होते, आणि पाच हजारांच्या आसपास आवाजाची जात बदलते: घुमणारा आवाज एकदम कोरडा, कडक होतो आणि गाडी पुन्हा नव्याने ओढायला लागते. टर्बोसारखा पाठीत धक्का बसत नाही. धक्क्याची अपेक्षा ठेवून आलात तर हिरमोड होईल. इथे मजा वेगळी आहे, फेऱ्या वाढतात तशी ताकदही वाढत जाते आणि पाय जेवढा हलवाल तेवढंच, त्याच क्षणी उत्तर मिळतं. मधे इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल नाही, तारेची केबल आहे.

आवाज बदललाच नाही आणि काटा सहा हजारांकडे कण्हत गेला, तर तीन शक्यता. ऑइल कमी किंवा चुकीचं. सोलेनॉइडची जाळी बुजलेली. नाहीतर वायरिंगमध्ये घोळ. चेक इंजिनचा दिवा लागत असेल तर दोन पिनांचा सर्व्हिस कनेक्टर जोडून त्याची उघडझाप मोजतात. २१ म्हणजे सोलेनॉइडची लाइन, २२ म्हणजे व्हीटेकचा ऑइल प्रेशर स्विच. सोलेनॉइडच्या कॉइलचा रेझिस्टन्स मल्टिमीटरवर १४ ते ३० ओहममध्ये यायला हवा. हे सगळं स्वस्तातलं काम आहे. घाबरून गाडी सोडू नका, पण किंमत पाडायला हे कारण जरूर वापरा. आणि किल्ली ऑन केल्यावर चेक इंजिनचा दिवा एकदा लागून विझतो ना, ते आधी बघा. बल्बच काढून ठेवलेली गाडीही विकायला येते.

गिअरबॉक्सकडे कान द्या. न्यूट्रलमध्ये क्लच सोडलेला असताना बारीक घरघर येते आणि क्लच दाबल्यावर ती थांबते, तर इनपुट शाफ्टचं बेअरिंग गेलंय. याचा अर्थ गिअरबॉक्स खाली उतरवावा लागणार. तिसऱ्यात टाकताना दाते घासल्यासारखा आवाज आला तर सिंक्रो (गिअरचा वेग जुळवणारी रिंग) झिजलाय. काही वेळा चुकीचं जाडं गिअर ऑइल भरलेलं असल्यामुळेही सकाळी सकाळी गिअर अडतात; या गिअरबॉक्सला होंडाचं पातळ मॅन्युअल ट्रान्समिशन ऑइलच लागतं, ट्रकवालं ९० नंबर नाही. ऑइल बदलताना बाजूचा फिलर बोल्ट उघडायचा आणि भोकातून ऑइल ओघळायला लागेपर्यंत भरायचं. गाडी सपाटीवर हवी, नुसतं पुढून जॅकवर उचलून भरलं तर मोजमाप चुकतं.

हँडलिंगबद्दल लांबण लावायची गरज नाही. गाडी बुटकी, हलकी, वळणात चपळ. ब्रेक पुढे डिस्क, मागे ड्रम. आजच्या वाहतुकीत हे ब्रेक कमीच पडतात. एअरबॅग आणि एबीएसच्या आजच्या अपेक्षा घेऊन या गाडीत बसू नका. घरच्यांना रोज घेऊन हायवेने जायचं असेल तर ही गाडी तुमच्यासाठी नाही, विषय संपला.

टॅपेट, बेल्ट आणि डिस्ट्रिब्युटर

आता बॉनेटखाली. या इंजिनाची कीर्ती अशी की ते मरत नाही. कीर्ती बरीचशी खरी आहे, पण त्यामुळेच मालक तीन गोष्टींकडे हमखास दुर्लक्ष करतात.

पहिली म्हणजे टॅपेट, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यामधली फट. यात हायड्रॉलिक टॅपेट नाहीत, रॉकरच्या टोकाला स्क्रू आणि लॉकनट आहे. इंजिन पूर्ण गार असताना, म्हणजे रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी, गॅप मोजायचा: इनटेक ०.१८ ते ०.२२ मिमी, एक्झॉस्ट ०.२३ ते ०.२७ मिमी. पहिला सिलिंडर टीडीसीला (व्हॉल्व्ह मिटलेले, पिस्टन अगदी वर) आणून त्याचे चार व्हॉल्व्ह, मग क्रँक अर्धा फेरा फिरवून तिसऱ्याचे, मग चौथ्याचे, शेवटी दुसऱ्याचे. इथे एक मेख आहे. होंडाची ही जुनी इंजिनं उलटी फिरतात, पुलीच्या बाजूने पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध. दुसऱ्या कंपनीच्या गाड्यांवर हात बसलेला मिस्त्री सवयीने पाना सरळ फिरवतो आणि मग खुणा जुळत नाहीत म्हणून डोकं खाजवत बसतो.

टकटक करणारा टॅपेट मालकाला त्रास देतो, म्हणून तो सेट होतो. खरा धोका गप्प झालेल्या टॅपेटचा. वर्षानुवर्षं व्हॉल्व्ह सीटमध्ये आत आत बसत जातो, गॅप कमी होतो, आवाज बंद होतो आणि मालक खूश होतो. एक दिवस एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण मिटेनासा होतो, गरम वायू त्याच्या कडेवरून निसटायला लागतो आणि कड जळते. आयडलला एका लयीत 'फस्स, फस्स' होत असेल आणि सायलेन्सरच्या तोंडाशी धरलेला कागद मधेच आत ओढला जात असेल, तर हेड उतरवण्याचा खर्च धरूनच बोला.

कव्हर उघडलेलंच आहे तर आणखी एक तपासणी फुकटात होते. ज्या सिलिंडरचा टीडीसी आहे त्याच्या इनटेकचा मधला रॉकर बोटाने दाबा. तो बाजूच्या दोन रॉकरना न हलवता एकटा खाली गेला पाहिजे. तिन्ही एकत्र हलले तर पिना आत अडकल्या आहेत. एवढं बघायला हत्यारही लागत नाही, तरी गाडी घेताना शंभरातले नव्व्याण्णव जण हे करत नाहीत.

दुसरी गोष्ट टायमिंग बेल्ट. चेन नाही, रबरी बेल्ट आहे, आणि तुटला तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात. साधारण एक लाख किलोमीटरला बदलायचा हा हिशेब सगळ्यांना पाठ असतो. पण पंचवीस वर्षांत साठच हजार चाललेल्या गाडीचा बेल्ट 'अजून बाकी आहे' असं समजणं हा शुद्ध मूर्खपणा. रबर वयानेही मरतं. बिल दाखवता येत नसेल तर बेल्ट बदललेला नाही असंच धरा. वॉटर पंप याच बेल्टवर फिरतो, तेव्हा बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप, क्रँकचं आणि कॅमचं ऑइल सील हे सगळं एकदमच. वेगवेगळं केलंत तर तीच मजुरी दोनदा द्याल.

बेल्ट घालताना गडबड होते ती ताण देताना. टेन्शनरचा बोल्ट सैल असताना क्रँक उलट दिशेने, म्हणजे इंजिनाच्या स्वतःच्या दिशेने, कॅमच्या पुलीचे तीन दाते पुढे जातील एवढा फिरवायचा आणि मग बोल्ट आवळायचा. स्प्रिंग स्वतः बरोबर ताण देते. स्क्रू ड्रायव्हरने टेन्शनर रेटून 'कडक' केलेला बेल्ट किणकिणतो आणि पंपाचं बेअरिंग खातो. क्रँक पुलीचा बोल्ट इतका घट्ट असतो की साध्या पान्याने सुटत नाही. पुली धरण्याचं अवजार आणि लांब दांडा हवा. स्टार्टर मारून बोल्ट सोडवण्याचा देशी जुगाड इथे चालत नाही, कारण इंजिन उलटं फिरतं, बोल्ट आणखी आवळला जातो.

तिसरी गोष्ट डिस्ट्रिब्युटर, स्पार्क प्लगना वीज वाटणारा. त्यात इग्निशन कॉइल आणि तिला चालू-बंद करणारा इग्नायटर दोन्ही आत कोंबलेले असतात, आणि तो हेडच्या टोकाला, उष्णतेत. कॅप काढा. आत लालसर गंजाची भुकटी दिसली तर शाफ्टचं बेअरिंग झिजतंय. ऑइलचा ओलावा असेल तर आतलं सील गेलंय. बाहेरून ऑइल उतरत असेल तर फक्त ओ-रिंग, ते दहा मिनिटांचं काम. इग्नायटर मरायला टेकला की गाडी गरम झाल्यावर अचानक बंद पडते आणि अर्ध्या तासाने काही न करता चालू होते.

अगदी हेच लक्षण पेट्रोल पंपाला वीज देणाऱ्या मेन रिलेचंही असतं, म्हणून दोन्हींत गल्लत होते. एप्रिल-मे महिन्यात गाडी उन्हात तासभर उभी राहिली, स्टार्टर फिरतोय पण चालू होत नाही. तेव्हा किल्ली ऑन करून कान द्या. रिलेची टिकटिक आणि मागून पेट्रोल पंपाची दोन सेकंदांची घूं ऐकू आली पाहिजे. पंप गप्प असेल तर दोष बहुधा रिलेचा. आतल्या सर्किटवरच्या सोल्डरला केसासारख्या चिरा पडतात, उन्हाने पसरतात, गार झालं की पुन्हा जुळतात. रिले उघडून जाड पिनांचे सांधे नव्याने सोल्डर केले की काम भागतं. यासाठी पेट्रोल पंप बदलायला लावणारे महाभाग असतात.

कॉम्प्रेशन बघायचं तर इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, पंपाचा फ्यूज काढलेला, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, अशी पद्धत. चार सिलिंडरमधला फरक २०० केपीए, म्हणजे साधारण ३० पीएसआयच्या आत हवा. एखादा कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह.

ऑइल १०डब्ल्यू-३० किंवा १०डब्ल्यू-४०, फिल्टरसकट सव्वातीन लिटरच्या आसपास, दर पाच हजार किलोमीटरला. जास्त जाडं ऑइल घातलं की आवाज दबतो म्हणून विकण्याआधी काही जण २०डब्ल्यू-५० ओततात. त्याने व्हीटेकची पिन उशिरा सरकते.

पत्रा, रबर आणि बुटकेपणा

आता शीर्षकातलं वाक्य. या गाडीचं इंजिन ओव्हरहॉल होतं, गिअरबॉक्स दुसरा मिळतो, पण सडलेल्या पत्र्याला इलाज नाही. मुंबई, अलिबाग, रत्नागिरी, गोव्याकडची गाडी असेल तर दाराखालचे पट्टे, मागच्या चाकांच्या कमानी आणि डिकीतली स्टेपनीची खोबण आधी बघा. स्टेपनी उचलून बाहेर काढा. खाली पाणी साचलेलं असेल तर मागच्या दिव्यांचं रबर गेलंय आणि ते पाणी कधीपासून आहे कोणास ठाऊक. कमानीवर बोटाच्या पेराने टकटक करा. पत्रा वाजतो, लांबी (पुट्टी) भरलेली जागा बद्द वाजते. लहान लोहचुंबक फडक्यात गुंडाळून फिरवला तर आणखी लवकर कळतं.

गाडी बुटकी असल्यामुळे गतिरोधकांनी तिचं पोट सोललेलं असतं. ऑइलच्या सम्पला (इंजिनाखालच्या भांड्याला) खोल पोचा आहे का ते वाकून बघा. पोचा आतल्या पिकअपच्या जाळीला टेकला असेल तर ऑइलचा दाब मार खातो, आणि पुन्हा गाडी व्हीटेकवर येऊन थांबते.

बाहेरचे भाग ही खरी डोकेदुखी. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड इथे इंजिनाचे, सस्पेन्शनचे पार्ट फिरल्यावर मिळतात, बरेचसे दुसऱ्या कंपनीने बनवलेले आणि चालण्यासारखे. पण टाइप टूचे अखंड हेडलाइट, बंपर, दारांच्या रबरी पट्ट्या, आतली प्लास्टिकची झाकणं ही जुन्या गाडीतूनच काढून आणावी लागतात. म्हणून दणकट इंजिन पण फुटके दिवे, अशी गाडी स्वस्त मिळाली तरी शेवटी महाग पडते. उलट इंजिन धूर काढतंय पण पत्रा, काचा, दिवे, सीट शाबूत आहेत, अशी गाडी डोळे झाकून घेण्यासारखी.

पेट्रोलचं काय करायचं

या गाड्या बनल्या तेव्हा पंपावर इथेनॉल नव्हतं म्हटलं तरी चालेल. आता सगळीकडे ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल, आहे. यावर दोन टोकांची मतं ऐकू येतात: काही होत नाही, आणि इंजिन खलास होतं. दोन्ही आळशी.

इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या दोनतृतीयांश, त्यामुळे ई२० मध्ये साध्या पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्के ऊर्जा कमी. मायलेज तेवढ्या प्रमाणात पडणार. दुसरं, इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणजे त्याच हवेला इंधन जास्त लागतं. साध्या चालीत ऑक्सिजन सेन्सर ठीक असेल तर कॉम्प्युटर स्वतः इंधन वाढवून घेतो. पण ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर, म्हणजे नेमकं व्हीटेकच्या पट्ट्यात, तो सेन्सरकडे बघत नाही, साठवलेल्या तक्त्यावर चालतो. तो तक्ता साध्या पेट्रोलचा. त्यामुळे मिश्रण मूळ हिशेबापेक्षा कोरडं होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं. ई२० चा ऑक्टेन ९५ असल्यामुळे नॉकिंगची (इंधन वेळेआधी भडकून इंजिन ठोकण्याची) भीती उलट कमी होते, एवढी जमेची बाजू. पण इंजेक्टर अर्धवट बुजलेला, फिल्टर जुना, पंप थकलेला असेल तर हे दोन कोरडेपणे एकत्र येतात आणि मार एक्झॉस्ट व्हॉल्व्हला बसतो. आधी गॅप कमी झालेला व्हॉल्व्ह आणि वर हे. इंजेक्टर बाहेर काढून बेंचवर साफ करून घेणं आणि पेट्रोल फिल्टर बदलणं, हा खर्च गाडी घेतल्याच्या पहिल्या महिन्यातच करा.

रबराचा प्रश्न जास्त तातडीचा. टाकीजवळचे जुने होज इथेनॉलने फुगतात, मऊ पडतात, मग चिरतात. ही आगीची गोष्ट आहे, मायलेजची नाही. दुकानात नुसता 'पेट्रोल पाइप' मागू नका. होजवर 'जे३० आर९' छापलेलं बघून घ्या, आणि दात्यांच्या पट्टीच्या क्लिपऐवजी कड दुमडलेली इंजेक्शनची क्लिप वापरा. गाडी महिना-महिना उभी राहत असेल तर टाकी अर्धी रिकामी ठेवू नका. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, आणि पावसाळ्यात कोकणात हवेत ओलीशिवाय दुसरं असतंच काय. शंभर ऑक्टेनचं महागडं पेट्रोल घालून ही गाडी जास्त पळेल हा मात्र भ्रम. ज्या इंजिनाला तेवढा ऑक्टेन लागतच नाही त्याला तो देऊन उपयोग शून्य.

हिच्याऐवजी काय

रोजच्या वापराला जुनी सिटीच हवी असेल तर २००८ नंतरची ११८ अश्वशक्तीची आयव्हीटेक घ्या. तिच्यात टायमिंगला चेन आहे, पार्ट मुबलक आहेत, आणि फेऱ्या चढवायची मजाही बऱ्यापैकी टिकलेली आहे. टाइप टूच्या काळातली फोर्ड आयकॉन १.६ हाही एक पर्याय. आठ व्हॉल्व्हचं ते इंजिन घाटात खालच्या फेऱ्यांवर जास्त सुखाचं, पण कंपनीच भारतातून गेल्यामुळे पार्ट शोधण्याची तयारी ठेवा.

आणि नवीन? चाकणला बनणारी फोक्सवॅगनची व्हर्टस जीटी घ्या उदाहरणाला. तिच्या दीड लिटर टीएसआय टर्बो इंजिनातून १५० अश्वशक्ती आणि २५० एनएम टॉर्क निघतो, तोही १६०० फेऱ्यांपासून. सिटी व्हीटेकला ती सरळ रस्त्यावर सहज मागे टाकते. ज्या घाटात सिटीला दुसऱ्यात उतरवून पाच हजारांवर ताणावं लागतं, तिथे ही तिसऱ्यात दोन हजारांवर चढून जाते. वेग हवा असेल तर टर्बोला तोड नाही. फक्त तिथे इंजिनाशी तुमचा संबंध उरत नाही. ताकद आधीच हजर असते, कमवावी लागत नाही. शिवाय पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जात असल्याने इनटेक व्हॉल्व्ह पेट्रोलने धुतले जात नाहीत आणि त्यांच्यावर काजळी साठते. हाय प्रेशर पंप, टर्बो, दोन क्लचचा गिअरबॉक्स, हे सगळं पंचवीस वर्षांनी नाना पेठेतला फिटर पान्याने आणि फिलर गेजने जुळवेल, हे अवघड दिसतं.

होंडाची स्वतःची वाटचाल बघा. आजच्या सिटीत टर्बो नसलेलं १२१ अश्वशक्तीचं पेट्रोल इंजिन आहे, आणि हायब्रिडमध्ये गाडी बहुतांश वेळ २५३ एनएमची मोटर ओढते, इंजिन वीज करत बसतं. म्हणजे पेट्रोल इंजिन संपत नाहीये, त्याची नोकरी बदलतेय. सरकारी गणितही तिकडेच ढकलतं: सप्टेंबर २०२५ पासून १२०० सीसीच्या वरच्या पेट्रोल गाडीवर जीएसटी ४० टक्के, इलेक्ट्रिकवर ५. आणि कंपनीच्या सगळ्या गाड्यांच्या सरासरी कार्बन उत्सर्जनावर मर्यादा असल्यामुळे, उंच फेऱ्यांचं, टर्बोशिवायचं मोठं इंजिन नव्याने बनवायला कोणी धजावेल असं वाटत नाही. म्हणून ज्याला हे चालवायचंय त्याला जुनीच शोधावी लागणार, आणि चांगल्या जुन्या दरवर्षी कमी होतायत.

कागद

शेवटी आरटीओ. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. २००१ ची गाडी २०१६ आणि २०२१ ला नूतनीकरण झालेली हवी, आणि २०२६ ला पुन्हा येते. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या मोटारीला नूतनीकरणाची फी १०,००० रुपये झाली आहे, आधी ती ५,००० होती. यावर पर्यावरण कर वेगळा. नूतनीकरणाचा अर्ज, म्हणजे फॉर्म २५, मुदत संपण्याच्या साठ दिवस आधीपासून भरता येतो. गाडी तपासणीला न्यावी लागते. विकणाऱ्याकडून नूतनीकरण करून घेऊनच पैसे द्या. 'नंतर सहज होतं' हे वाक्य ऐकलं की उठून चालू लागा. मुदत संपलेली गाडी तुमच्या नावावर होत नाही.

मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सही, जुनं कर्ज असेल तर बँकेचं पत्र आणि कर्जाची नोंद काढायचा फॉर्म ३५. वीस वर्षांपूर्वी फिटलेल्या कर्जाची नोंद आरसीवर तशीच राहिलेली असते, आणि ती बँक मधल्या काळात दुसरीत विलीन झालेली असली की पत्र मिळवताना नाकी नऊ येतात. दिल्लीच्या नंबरची गाडी स्वस्त दिसते, कारण तिथे पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले. एनओसी हातात नसेल तर तिच्या नादी लागू नका. आणि पन्नास वर्षं झाल्याशिवाय व्हिंटेजचा दर्जा मिळत नाही, तेव्हा त्या सवलतीच्या गप्पा २०५० नंतरच्या.

चेसिस नंबर आरसीशी पडताळताना नुसता वाचू नका, त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासा. मूळ ठशातले आकडे एका रेषेत आणि सारख्या खोलीचे उठतात. इंजिन नंबर वेगळा निघाला तर दचकू नका, या गाड्यांत इंजिन बदललेलं असतं, पण ते आरसीवर चढवलेलं हवं. साधं १.५ इंजिन बसवून मागे व्हीटेकचा बिल्ला डकवलेली गाडी ओळखायची असेल तर हेडकडे बघा: व्हीटेकच्या हेडवर सोलेनॉइडचा धातूचा ठोकळा आणि त्यात गेलेली वायर दिसते. ठोकळा नसेल तर बिल्ला काढून विकणाऱ्याच्या हातात ठेवा.